कोणता चढाईपटू राखावा?

वसमतला शिक्षक असतांना मीं मुलांस हुतुतू, म्हणजे आतांची कबड्डी, शिकवीत असें. गुडघा दुखावला म्हणून एका उत्तम चढाईपटूस मीं संघांतून वगळलें. तो पुन्हां मैदानाकडे फिरकला नाहीं. तें मला अद्यापि सलतें.

म्हणूनच पुणेरी पलटणची हकीकत मीं लक्षपूर्वक पाहिली. १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें नमवून पलटणनें प्रो कबड्डीचें पहिलें विजेतेपद मिळविलें. कर्णधार अस्लम इनामदार चढाईपटू. पुढच्याच हंगामांत त्याचा गुडघा दुखावला. चढाईपटूचें भांडवल तेंच. तीस सेकंदांत शिरावयाचें, वळावयाचें, मध्यरेषा गांठावयाची! पंकज मोहितेसारखा चढाईपटू संघांत होताच. तरीहि पलटणनें अस्लमला राखलें. माझ्या मतें योग्यच केलें. गुण पुष्कळ जण आणतात. परंतु दोन चढाया रित्या गेल्यावर तिसरीला, गुण आणा नाहीं तर बाद व्हा अशा वेळीं, डोकें शांत ठेवणारा विरळा. २०२५ सालीं पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली.

माझ्या त्या विद्यार्थ्यासाठीं मला एकच हंगाम थांबावें लागलें असतें.