प्लास्टर निघाल्यानंतर

मोडलेले मनगट जुळणे ही एक गोष्ट झाली आणि त्याच हाताने पुन्हा भाकरी थापता येणे ही दुसरी. पहिली साधारणपणे ५ ते ६ आठवड्यांत प्लास्टरच्या आत घडून येते, दुसरीसाठी मात्र पुढे कित्येक आठवडे हाताला शिस्तीने वळण लावावे लागते, आणि या दुसऱ्या कामाचे जे शास्त्र आहे त्याला भौतिकोपचार, किंवा रूढ शब्दांत फिजिओथेरपी, असे म्हणतात. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात कपाशीची वेचणी, भरताच्या वांग्यांची तोडणी, निंदणी ही सारी कामे हातांच्या आणि गुडघ्यांच्या बळावर चालतात. त्यामुळे दुखापत जुनी झाली तरी हात आखडलेला राहिला, तर त्याची झळ घराच्या मिळकतीला लागते.

अंगणात किंवा मोरीत पाय घसरला की माणूस तळहात टेकून पडतो आणि मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागत असल्याने त्यांच्यात हा अस्थिभंग विशेष आढळतो. प्लास्टर हाडाला स्थिर ठेवते, पण त्याबरोबर सांध्यालाही जखडून ठेवते. न हललेल्या सांध्याभोवतीचे आवरण आखडते, स्नायू नजरेला दिसण्याइतके बारीक होतात आणि बोटांत सूज साचून मूठ वळेनाशी होते. यासाठी भौतिकोपचाराला प्लास्टर घातल्या दिवसापासूनच आरंभ व्हावा लागतो: हात उशीवर उंच ठेवणे, मोकळी असलेली बोटे दर तासाला पूर्ण मिटून पूर्ण उघडणे, आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर कोपर व खांदा हलवत राहणे. गळ्यातल्या झोळीत हात आठवडेच्या आठवडे निपचित ठेवल्याने मनगट बरे होऊन खांदाच धरल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या नित्य पाहण्यात असतात. बोटे निळसर किंवा बधिर झाली, अथवा वेदना वाढतच गेली, तर मात्र व्यायाम करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्लास्टर निघाल्यावर हाताची खरी परीक्षा सुरू होते आणि त्या परीक्षेचे उत्तम मोजमाप खानदेशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. भाकरीचे पीठ मळताना तळहाताच्या टाचेचा दाब पडतो तेव्हा मनगट मागे वाकते. भाकरी तव्यावर टाकताना आणि उलटताना कोपरापासूनचा हात फिरतो. कपाशीच्या बोंडातून कापूस उपसताना अंगठा व बोटांची चिमूट लागते. भौतिकोपचारतज्ज्ञ याच तीन हालचाली सुट्या करून, आधी भाराविना आणि मग भारासह, क्रमाने शिकवतो. हाड पक्के जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर आरंभी कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वरखाली करावे, नंतर मऊ कणकेचा छोटा गोळा दाबावा, आणि ज्वारीचे घट्ट पीठ अगदी शेवटी घ्यावे. व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या दिवसापेक्षा वाढलेली दिसली, तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी.

ज्यावर योग्य भार येतो ते हाड त्या भाराला अनुरूप घडत जाते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद युलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, आणि क्रमाक्रमाने भार वाढवण्याच्या पद्धतीला त्यातून मोठा आधार मिळाला. महाराष्ट्रात या विद्येचे रीतसर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करण्याची निकड त्यामागे होती.

लोकांच्या बोलण्यात मात्र फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक’ आणि ‘करंट’ एवढाच अर्थ उरला आहे, आणि हा गैरसमज रुग्णांचे फार नुकसान करतो. शेकाने आणि यंत्राने वेदना काही काळ शमते, जेणेकरून सांधा हलवणे सोपे जावे. हलवायचा तो रुग्णानेच. याहून घातक आहे ती ताज्या दुखापतीवर जोरकस तेलमालीश करण्याची, किंवा दुसऱ्याने हात धरून ओढून सरळ करण्याची रीत. विशेषतः कोपराच्या दुखापतीत अशा रगडण्याने स्नायूंमध्येच हाड तयार होऊ शकते आणि कोपर कायमचा अडकू शकतो. त्यातही मुलांचा कोपर कोणालाही, कितीही अनुभवी हाताला, मुळीच चोळू देऊ नये.

जळगाव असोद्यापासून काही किलोमीटरवरच असले तरी वेचणीच्या दिवसांत रोजचे जाणे-येणे मजुरी बुडवते. त्यामुळे प्लास्टर कापले त्याच दिवशी, दवाखान्याची पायरी उतरण्यापूर्वी, कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या तारखेपासून करायचा, हे तज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि घरातल्या एका माणसाने ते व्यायाम तेथेच पाहून घ्यावेत.