एक लॅपटॉप, दोन कामं



आपली मुलं इंजिनिअरिंगला निघालीत. त्यांना गेमिंग लॅपटॉप हवाय आणि आपल्याला खर्चाची धास्ती. पैसा कापसाच्या पट्टीतून येतो. तो झगमगत्या कीबोर्डवर घालवू नका.

दुकानदाराला विचारून उबुंटूचा पेनड्राइव्ह लावा. इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज तपासा, मग पैसे मोजा. एएमडीचं ग्राफिक्स लिनक्सवर सहसा लगेच चालतं. एनव्हिडियाला बहुधा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. रॅम पुढे वाढवता येईल ना, तेही विचारा.

स्टीमच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालतात. ‘व्हॅलोरंट’ मात्र नाही. मुलांना आधीच सांगा.

१९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स विद्यार्थीच होता. उमापूरच्या पोरींनाही ते उघडून बघू द्या.