महामार्ग बांधले, आता राखायचे



अभियंते, कंत्राटदार, प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. रस्त्यांविषयी बोलायचं आणि तेही नागपुरात, याचं मला विशेष अप्रूप आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते याच शहरात जमले होते. महायुद्ध ऐन भरात होतं, लष्करी मालमोटारींखाली रस्ते भरडून निघत होते, स्वातंत्र्य अजून चार वर्षं दूर होतं. तरीही त्या मंडळींनी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा मांडला. तीच आपली 'नागपूर योजना'. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथे पक्की झाली. तिच्यातली एक अट मला फार मोलाची वाटते: विकसित शेतीच्या प्रदेशातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये. म्हणजे राष्ट्रीय महामार्गाची कल्पना मांडतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे शेवटच्या टोकाचं गाव होतं.

पण नागपूरच्याही आधी एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आपल्या सर्वांना माहीत आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष हेच जयकर होते. तोवर रस्ते म्हणजे प्रांतांची आणि स्थानिक संस्थांची बाब होती, आणि त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. समितीने स्पष्ट सांगितलं की रस्त्यांचा भार त्यांना झेपणार नाही, हा प्रश्न सगळ्या देशाचा आहे. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आजही आपण संकल्पचित्र करताना तिच्याच संहिता उघडतो. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्यासाठी पैसे द्यावेत आणि ते पैसे रस्त्यावरच खर्च व्हावेत, हे तत्त्व जयकरांनी रुजवलं. ते कायदेपंडित होते, अभियंता नव्हते. आपल्या क्षेत्रावर त्यांचं हे ऋण आहे आणि आपल्या अभ्यासक्रमांत ते एका ओळीत उरकलं जातं, याची मला खंत वाटते.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम २१ हजार किलोमीटर होती. १९५६ साली राष्ट्रीय महामार्ग अधिनियम झाला. त्यानंतरच्या चार दशकांत वाढ अगदी मुंगीच्या पावलांनी झाली. १९९७ मध्ये आपण ३४ हजारांच्या आसपास होतो. मधल्या काळात पंचवार्षिक योजना आल्या, १९६१ ते १९८१ ची रस्त्यांची मुंबई योजना आली, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा १९८८ मध्ये झाला आणि प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागलं ते १९९५ मध्ये.

खरी उसळी आली ती सुवर्ण चतुष्कोनाने. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या चार महानगरांना जोडणारे ५,८४६ किलोमीटरचे रस्ते चौपदरी करायचे, हा संकल्प अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने सोडला. त्यासाठी पैसे आले पेट्रोल आणि डिझेलवरच्या लिटरमागे एक रुपयाच्या उपकरातून. जयकरांचे दोन आणे सत्तर वर्षांनी एक रुपया होऊन परत आले. त्याच सुमारास आपल्या राज्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला. तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने नव्हे, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला, आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. बोरघाटातले ते बोगदे उभे करणाऱ्या अभियंत्यांचा आणि मजुरांचा मला अभिमान आहे.

याच काळातली एक आठवण इथे बोलून दाखवणं माझं कर्तव्य आहे. सत्येंद्र दुबे हे महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी हे नाव विसरू नये.

आज राष्ट्रीय महामार्गांची लांबी १ लाख ४६ हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत हा वाटा दोन-अडीच टक्क्यांचा, पण सुमारे चाळीस टक्के वाहतूक त्यावरून चालते. २०१० मध्ये क्रमांकही बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. त्यामुळे नकाशा न पाहताही क्रमांकावरून दिशा कळते. व्यवस्था चांगली आहे, पण पुणे-बंगळूर रस्त्याला ट्रकवाले अजून 'एनएच फोर'च म्हणतात.

याच नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून तो जातो. रुंदीकरणाला विरोध झाला, न्यायालयात दीर्घकाळ वाद चालला आणि अखेर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता जागोजागी उंच उचलला गेला. त्यातली सर्वांत लांब रचना सुमारे ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ त्या पुलांखालून जाताना टिपले गेले आहेत. वाद झाला म्हणून रस्ता चांगला झाला. विरोध करणाऱ्या माणसाकडे अडथळा म्हणून पाहण्याची आपली सवय आपण सोडली पाहिजे, असं मी या अनुभवावरून आग्रहाने सांगतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी आज उभा आहे, तिकडे वळतो. ऑगस्ट २०१६ मध्ये, दोन तारखेच्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. दहा महिन्यांत, जून २०१७ मध्ये, तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे बांधण्याची ताकद आपल्याकडे आहे. राखण्याची व्यवस्था मात्र आपण हातातून सोडली.

ती व्यवस्था काय होती, हे तरुण मित्रांना सांगायला हवं. रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलकुली असायचे, त्यांच्यावर मुकादम. मृगाआधी त्यांचं काम सुरू व्हायचं. मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा आणि गाळ काढायचा, बाजूचे चर मोकळे करायचे, साइडपट्टीवर मुरूम टाकून तिला बाहेरच्या अंगाला उतार द्यायचा म्हणजे डांबराच्या कडेला पाणी थांबत नाही. दगडी पुलाच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर ते मुळासकट काढायचं आणि सांधा पुन्हा भरायचा. वीतभर रोप काढायला एका माणसाला पाच मिनिटं लागतात. तेच दहा वर्षं राहिलं तर मुळं दगड सुटे करतात आणि मग अख्खा पुलाचा खांब उतरवावा लागतो. मैलकुलीला संहितेतलं कलम माहीत नसे, पण पाणी कुठे तुंबतं ते त्याला पाठ असे. ही पदं रिकामी होत गेली आणि भरली गेली नाहीत, हे तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या उपविभागात पाहिलं आहे. चौपदरी टोलमार्गांवर देखभाल करारात बांधलेली असते, तिथे निदान कुणाला तरी जाब विचारता येतो. दुपदरी महामार्गांवर आणि जुन्या पुलांवर मात्र प्रवाशाला विचारायला माणूसच सापडत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर गेली. यात वेग आहे, दारू आहे, हेल्मेट न घालणं आहे. पण पुसलेले पट्टे, वाढलेल्या झाडीत दडलेला वळणाचा फलक, साइडपट्टीची हातभर खोल कड, हेही आहे. आणि ही बाजू सरळ आपल्या खात्यात येते. नवीन किलोमीटर किती झाले याचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. जुन्या किलोमीटरपैकी किती धड राहिले, याचा आकडाही त्याच अभिमानाने जाहीर व्हावा. जयकरांच्या काळापासून आपण रस्त्यासाठी पैसा उभा करण्याच्या नवनव्या वाटा शोधल्या. त्या पैशातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवायला कायद्याने भाग पाडलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात दोन ठराव येत आहेत. पहिला, महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या प्रत्येक पुलावर मराठीत फलक लावावा आणि त्यावर बांधकामाचं वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार कार्यालयाचं नाव असावं. दुसरा, ठरावीक लांबीमागे कायमस्वरूपी देखभाल पथकं पुन्हा नेमावीत. हे ठराव केवळ टाळ्यांवर मंजूर करू नका. आपापल्या जिल्ह्यातल्या जुन्या पुलांची यादी करून आणा, आणि ती ठरावासोबत जोडूनच शासनाकडे पाठवूया.