नव्या भिंतीला तडा गेला तर

वास्तुशांत होऊन वर्ष झालं नाही, तोच भिंतीला तडा. गवंडी म्हणतो, "वहिनी, नवं घर आहे, बसतंय. पुट्टी भरून देतो." पुट्टी भरण्याआधी तडा नीट बघा.

गिलाव्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा असतील, तर बहुतेक पाणी कमी पडलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. किमान 10 दिवस, कडक उन्हाळ्यात 14 दिवस भिंत ओली हवी. हे पाणी मारायचं काम बहुतेक आपल्याच अंगावर, पण मजुरीत ते कुणी धरत नाही! असो. या भेगांनी घर पडत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेला तडा मात्र वेगळा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया खाली मुरमापर्यंत नेला नसेल, तर तो मातीबरोबर हलतो. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर आणखीच. तिथं पुट्टी टिकत नाही.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला बघा. तडा खुणेपुढे सरकला किंवा रुंदावला, तर इंजिनिअरला दाखवा. घरकुल असेल तर पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो. घरकुल बहुधा बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असतं, तेव्हा अर्ज घेऊन तुम्ही स्वतः जा. न्हाणीचं पाणी मात्र आजच पाइप लावून भिंतीपासून लांब, परसात सोडा.