दिवा कुणाच्या हातात?

(मावळातील महिला शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचं शेत अंदर मावळात, चढावर. खाली ठोकळवाडीचं धरण. १९२२ साली ते पाणी भिवपुरीला सोडून वीज केली आणि ती मुंबईला गेली. त्याआधी १९१५ पासून लोणावळ्याचं पाणी खोपोलीला वीज करतच होतं. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. त्यात बायाही होत्या. धरण झालंच. वीज आमच्या डोंगरात जन्मली, पण आमच्या शेतघरापर्यंत खांब काही आला नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. वीज कुणाच्या हातात, हा प्रश्न धरणाला विचारला तसा घरातही विचारावा लागतो, एवढंच सांगायचं आहे.

आम्ही छपरावर १०० वॅटचं पॅनेल बसवलं, दक्षिणेकडे तोंड करून. खाली बॅटरी, मधे चार्ज कंट्रोलर. बसवणाऱ्याने सगळं नीट समजावलं, पण घरातल्या पुरुषांना. ते सोमवार ते शनिवार तळेगावला कामाला. घरी मी आणि सासूबाई. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दिवाळीपासून वैशाखापर्यंत झाकण उघडलं गेलं नाही. आतल्या पट्ट्या उघड्या पडून खराब झाल्या. आषाढात दिवे तासाभरात विझायला लागले. म्हैस व्यायची त्या रात्री मी चिमणी घेऊन गोठ्यात बसले. आणि ठरलं काय? तर बायकांनी बॅटरी घालवली! शिकवायचं पुरुषांना आणि दोष आमच्या पदरात.

दुसऱ्या बॅटरीला मी बचत गटाचं कर्ज काढलं, आणि अट घातली की शिकणार मी. पावतीही माझ्या नावे.

त्यात अवघड काही नाही, बायांनो. आपण महिन्याचं धान्य मोजतो, तसंच हे. ५ वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० वॅट-तास खर्च. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची, म्हणजे ४८० वॅट-तासांची. पण कणगी तळापर्यंत रिकामी करायची नाही, निम्मी राखायची. म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस दिवे चालतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. बॅटरीच्या अधिक टोकाशी फ्यूज हवाच. राजस्थानात तिलोनियाला शाळा न पाहिलेल्या बाया वायरींचे रंग ओळखून सौर दिवे जोडायला शिकल्या. मग आपल्याला काय अडतं?

आता आमच्या कामाचं वर्षच उन्हावर बेतलंय. चैत्र-वैशाखात राब भाजणीबरोबर वाळवणं. काळा रंग दिलेला पत्रा, वर काच, आत जाळी, अशी पेटी घरीच केली. तीत कैरी, करवंदं, मिरची वाळते, धूळ बसत नाही. ज्येष्ठात पहिल्या सरीआधी वायरी तपासायच्या, उंदराने कुरतडलेल्या बदलायच्या. आषाढ-श्रावणात भाताची लावणी आणि उन्हाचा दुष्काळ. झड लागली की पॅनेल असून नसल्यासारखं. अश्विनात पॅनेलवरचं शेवाळ पुसायचं. थंडीत ऊन भरपूर, तेव्हा उरलेल्या विजेवर पावट्याच्या फवारणीचा पंप चार्ज होतो.

खरं भांडण श्रावणातलं. वीज थोडी, मागणारे फार. मी नियम केला: पहिला दिवा चुलीपाशी, दुसरा गोठ्यात, तिसरा पोरांच्या अभ्यासाला. टीव्ही आणि मोबाईल ऊन पडल्यावर. घरात आठवडाभर अबोला होता. पण बॅटरी टिकली तेव्हा नियमही टिकला. पूर्वी अंधारात भाकऱ्या थापायची ती बाई, आणि दिवा आल्यावर तो आधी टीव्हीपुढे. हे मुकाट्याने का चालू द्यायचं?

आणखी एक गाठ मात्र सुटलेली नाही. शेतावर सौर पंप हवा म्हणून कुसुम योजनेची चौकशी केली. ही योजना २०१९ पासूनची. अर्जाला सातबारा लागतो. सातबाऱ्यावर माझं नाव कुठंय? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण बायकोचं नाव नवऱ्याच्या जमिनीला आपोआप लागत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेकांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली, ते इथे का होऊ नये? आपल्या मावळात तर बंगल्यांसाठी गिऱ्हाईक दारात उभं असतं. ज्या जमिनीवर मी पॅनेल उभं केलं, ती विकताना माझी सही लागत नसेल, तर माझा दिवा एका कागदाने विझतो.

म्हणून परत गेल्यावर प्रत्येकीने दोन कामं करा. घरात सौर दिवा असेल तर बॅटरीचं झाकण स्वतः उघडून पाणी बघा. आणि तलाठ्याकडून सातबारा काढून त्यावर कुणाची नावं आहेत ते वाचा. वाचता येत नसेल तर गटात आणा, आपण मिळून वाचू.