आडनाव एक, म्हणून कूळ एक?

वंशावळीसाठी डीएनए चाचणी करणार असाल, तर एवढं लक्षात घ्या. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. म्हणून लेकीला माहेरच्या कुळाचा माग हवा असेल, तर वडिलांचा, भावाचा किंवा सख्ख्या काकांचा नमुना लागतो. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पुढे मात्र फक्त लेकीच नेतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची नावं. दोन पाटील जुळले नाहीत तर नवल नाही. दत्तक भावकीबाहेरून आलेला असेल, तर आडनाव तेच राहतं, वाय बदलतं. तेव्हा नमुना देण्याआधी घरातल्या थोरांशी बोला. नमुना एकाचा असला, तरी निकाल साऱ्या भावकीचा असतो.