चाकांवरचे बिऱ्हाड



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना वाटले असेल की, आता तासभर काश्मीर आणि कन्याकुमारी यांची वर्णने ऐकावी लागणार. तशी धास्ती बाळगू नये. आम्ही फार दूर गेलेलो नाही. गेल्या चार हिवाळ्यांत आम्ही उभयता आणि मोत्या नावाचा आमचा गावठी कुत्रा ज्या गाडीतून हिंडलो, ती बहुतेक आपल्याच जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली फिरली. मोताळ्याहून निघायचे, राजूरचा घाट चढून बुलढाण्यास जायचे, तेथून लोणार आणि सिंदखेडराजा करून पुन्हा घाट उतरायचा आणि शेगाववरून संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन थांबायचे, असा आमचा साधारण क्रम. जिल्ह्याची शीव ओलांडली ती एकदाच, अजिंठ्यासाठी. तेव्हा स्थलवर्णने बाजूस ठेवून, घर चाकांवर घातले म्हणजे काय घडते आणि लोक आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

आधी गाडीविषयी, कारण तो प्रश्न हमखास येतो. उतारू वाहणारी एक जुनी गाडी घेतली, आतील बाके काढली आणि तेथे संसार मांडला. गाडीच्या रचनेत असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून करता येत नाही. हौशी मंडळींनी हे आधी ध्यानात घ्यावे. आत एक पलंग, पलंगाखाली पेट्या, दोन चुलींची शेगडी, पाच किलोचे लहान सिलिंडर, ऐंशी लिटर पाण्याची टाकी आणि टपावर सूर्यप्रकाशावर वीज देणारी एक तबकडी. तिच्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालतो. आत उभे राहून स्वयंपाक करता येतो; मात्र दोघांनी एकाच वेळी उभे राहण्याची सोय नाही. त्यामुळे एकाने बसावे आणि दुसऱ्याने करावे, अशी शिस्त आपोआप लागली. घरी ती चाळीस वर्षांत लागली नव्हती.

हिवाळाच का, हे मोताळ्याच्या माणसास सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला म्हणजे पत्र्याच्या गाडीची भट्टी होते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की बैल आणावे लागतात. दिवाळीनंतर मात्र रस्ते कोरडे, शिवार मोकळे, कापसाची वेचणी चाललेली, तूर फुलावर, आणि पुढे हुरड्याचे दिवस. कोणाच्या शेताच्या कडेला गाडी लावली की वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांचे आमंत्रण येण्यास संध्याकाळसुद्धा लागत नाही.

आणि गाडीच का, याचे उत्तर मोत्या. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा संबंध कूपे आपल्या नावे असावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत. लॉजवाले कुत्रा पाहिला की खोली शिल्लक नाही असे सांगतात. महाभारतात शेवटच्या प्रवासात धर्मराजाबरोबर एक कुत्रा चालत गेला, आणि स्वर्गाच्या दारी इंद्राने सांगितले की कुत्र्यास आत येता येणार नाही. लॉजच्या गल्ल्यावरील गृहस्थाचे म्हणणे शब्दशः तेच असते. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. आम्ही खोली नाकारली. आमचा त्याग त्यामानाने लहान, पण गाडी घ्यावी लागली ती त्यापायी.

कुत्रा बरोबर असला म्हणजे पाहण्याची रीतच बदलते. अजिंठ्यास मोटारी पायथ्याशी ठेवून पुढे बसने जावे लागते, आणि लेण्यांत कुत्रा नेता येत नाही. म्हणून सकाळी आमच्यापैकी एकाने जायचे, दुसऱ्याने मोत्याजवळ झाडाच्या सावलीत बसायचे. दुपारी पाळी बदलायची. रात्री शेगडीवर खिचडी शिजत असताना दोघांनी आपापले अजिंठा एकमेकांस सांगायचे. एकाने पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशी सारा वेळ घालवला होता. दुसऱ्याला सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पाने धरून ठेवले होते: सुमारे सात मीटर लांबीची ती पहुडलेली बुद्धमूर्ती आणि खाली शोक करणारे शिष्य. ऐकता ऐकता प्रश्न आला, "रडणाऱ्यांत कोणी म्हातारे होते का?" त्याचे उत्तर देता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून तेवढेच पाहण्यासाठी जाणे झाले. दोघे बरोबर गेलो असतो तर एका तासात सगळी लेणी उरकून बाहेर पडलो असतो आणि जेवणाची चौकशी केली असती, अशी आमची खात्री आहे. लोणारलाही तोच प्रकार. पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचे ते उल्काविवर आम्ही चार वेळा पाहिले, पण सरोवराच्या काठाशी दोघे मिळून एकदाही उभे राहिलेलो नाही.

लोक विचारतात, हे खूळ कोठून आले? खूळ नवे नाही. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नावाचे एक डॉक्टर इंग्लंडात होते. आरमारातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून दोन घोड्यांनी ओढावयाची, आत बैठक आणि स्वयंपाकघर असलेली गाडी बांधून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' ठेवले, आणि तीत बसून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान, एक चाकर, एक पक्षी आणि हरिकेन बॉब नावाचा थोरला न्यूफाउंडलंड कुत्रा. चाकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन, मागून गाडी येते आहे असे लोकांस सांगत असे. हौसेखातर बांधलेले पहिले फिरते घर म्हणून तिचे नाव घेतात. पुढे १९६० साली अमेरिकेत जॉन स्टाइनबेक हे कादंबरीकार चार्ली नावाच्या कुत्र्यासह अशाच गाडीतून देशभर हिंडले. १९६२ साली त्या प्रवासाचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक गोष्ट पाहा. डॉक्टर स्टेबल्स यांनी ही कल्पना कोणापासून घेतली? जिप्सी लोकांपासून. ते लोक तशाच गाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते आणि गावोगावी हाकलले जात होते. तेच घर महोगनी लाकडाचे झाले आणि आत डॉक्टर बसले, तेव्हा लोक ते पाहण्यास गोळा होऊ लागले.

हे इंग्लंडातलेच आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या मुलखात बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सबंध देश तुडवीत. सैन्ये त्यांच्या धान्यावर जगत. तांड्याबरोबर कुत्री असत, आणि त्यांच्या इमानाची एक कथा कित्येक ठिकाणी सांगतात. बंजाऱ्याने कर्जापोटी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने माल शोधून दिला. सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला सोडले. आणि कुत्रा पळून आला असे समजून बंजाऱ्याने त्याला मारले. चिठ्ठी नंतर सापडली. ही कथा आम्ही पोहरादेवीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकली. सांगताना तिचा हात मोत्याच्या डोक्यावर होता.

आपल्या मलकापूरवरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. जे ओझे शेकडो बैल वाहत, ते मालगाडी नेऊ लागली आणि तांड्यांचा धंदा बसला. चारच वर्षांनी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे प्रांतोप्रांती पसरला. जन्माने गुन्हेगार ठरवायचे, हजेरी घ्यायची, परवान्यावाचून गाव सोडू द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. कायदा गेला, नजर गेली की नाही, ते आम्हांस ज्या रात्री कळले तो प्रसंग आता सांगतो.

घाटावरील एका गावी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) बाजाराच्या पटांगणाच्या कडेला आम्ही गाडी लावली. जवळच एका घिसाड्याचे बिऱ्हाड उतरले होते: बैलगाडी, फाटकी ताडपत्री, भाता, ऐरण, तीन लेकरे आणि एक पिवळा कुत्रा. आमच्या दाराची कडी मोडली होती. त्या गृहस्थाने दिवस मावळताना ती तापवून सरळ करून दिली. त्याची बायको गाडीत डोकावून सारे न्याहाळून गेली, आणि म्हणाली, "घर असून हिंडता?" या प्रश्नास आमच्याजवळ शहाणपणाचे उत्तर नव्हते. "हिवाळ्यापुरतं," असे म्हटले. ती हसली.

रात्री नऊच्या सुमारास गावातील दोघे-तिघे बॅटरी घेऊन आले. प्रथम आमच्याकडे. "कुठले?" "मोताळ्याचे." "काय करता?" "सेवानिवृत्त आहोत." लगेच आवाज बदलला. "काका, इथे थंडी फार, शाळेच्या आवारात गाडी लावा." कोणी चहा आणला, मोत्याला बिस्किट मिळाले. मग तीच बॅटरी शेजारच्या ताडपत्रीवर गेली. तेथे चौकशी लांबली. आधारपत्र पाहिले, गाडीतील पोती उपसली, आणि सकाळी जागा मोकळी करण्यास सांगितले. आम्ही मध्ये पडून म्हणालो की, आम्हीही परगावचेच आहोत, आमचेही बिऱ्हाड चाकांवर आहे. त्यावर एक जण समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुमचं वेगळं, काका. तुम्ही फिरायला आलात. हे लोक हिंडत आलेत."

तो माणूस दुष्ट नव्हता. चहा त्यानेच आणला होता. सकाळी आम्ही उठलो तेव्हा शेजारी राख तेवढी होती.

त्याच जिल्ह्यात दुसरे एक भटकणे फार गाजले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले, आणि ते रास्तच होते. पण त्याने किती गावांची शिवारे ओलांडली आणि कोणत्या पाणवठ्यावर तो थांबला, हे जितक्या आवडीने आपण वाचले, तितक्या आवडीने घिसाड्याची वाट कोणी विचारीत नाही. (बिबट्याची गोष्ट निराळी. घाटाच्या अंगाला मुक्काम असला की मोत्या गाडीत झोपतो, कारण बिबट्यास कुत्रा फार आवडतो.)

पाण्याविषयी थोडे बोललेच पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपण जाणता. संग्रामपूरकडे विहिरीचे पाणी जिभेवर ठेववत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने तेथील किती घरे पोळली आहेत ते तेथील लोकांस विचारावे. अशा एका गावी आम्ही हात धुण्यापुरते पाणी मागितले. त्या घरच्या सुनेने विकत आणलेल्या जारमधून दोन तांबे भरून दिले, आणि मोत्यासाठी वाडगाभर वेगळे. घरी चार माणसे, जार एकच. तेव्हापासून त्या बाजूला जाताना आमची टाकी येथूनच काठोकाठ भरलेली असते, आणि उतरल्यावर प्रथम आम्हीच हंडाभर पाणी देतो. मग भाकरीचे आमंत्रण घेण्यास संकोच वाटत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. अशा गाड्यांसाठी वाहनतळ व्हावेत, तेथे पाणी, वीज आणि शौचालय असावे, हा त्यातला मुख्य भाग. चांगली गोष्ट आहे; आमच्यासारख्यांची त्यात सोयच आहे. परंतु ही यादी पुन्हा वाचून पाहावी. नळ, दिवा, शौचालय, सपाट जागा. घिसाड्याला, मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगराला, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवाल्याला नेमके हेच लागते. धनगराचा वाडा शेतात बसवून घेण्यास शेतकरी पैसे मोजतो, कारण लेंडीखताने रान उठते; मग त्याच्या बायकोला अंधार पडेपर्यंत आडोसा शोधत का राहावे लागावे?

म्हणून आमची सूचना अशी की, मोताळ्याने गावाच्या कडेला एक एकर जागा राखावी. एक नळ, एक दिवा, बायकांची आणि पुरुषांची वेगळी शौचालये. धर्मशाळेत असे तशी एक नोंदवही ठेवावी. जो उतरेल त्याने नाव, गाव आणि किती दिवस राहणार ते लिहावे, मग तो पेन्शनर असो की लोहार. चोऱ्या होतील असे कोणी म्हणेल. ज्याचे नाव वहीत आहे त्याच्याविषयी संशय घेणे उलट अवघड जाते, आणि खरोखर काही घडलेच तर शोध लागणे सोपे. पाच दिवसांची मर्यादा घालावी, जनावरांना वेगळा कोपरा ठेवावा. ज्यांच्यापाशी कुत्रे आहे त्यांनी रेबीजची लस वर्षाच्या वर्षी टोचलेली असावी. आम्ही मोत्याचे कार्ड पुढाऱ्याच्या फोटोसारखे समोरच अडकवून ठेवतो. आणि कुत्रा चावलाच, कोणाचाही असो, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तडक दवाखाना गाठावा. हळद-मिरची चोळीत बसू नये.

जागेविषयीचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर राहील. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना पटणार नाही त्यांनी थांबून आमच्याशी भांडावे. नगरपंचायतीकडे तो याच आठवड्यात द्यावयाचा आहे.

मोत्या आता दहा वर्षांचा झाला. त्याला गाडीची पायरी चढवत नाही, म्हणून येथल्या सुताराकडून दोन लाकडी पायऱ्या करून घेतल्या आहेत. यंदा दत्तजयंती झाली की निघायचे आहे. प्रथम त्याच घाटावरच्या गावी जाऊ. बाजाराच्या दिवशी पोहोचलो तर घिसाड्याची गाठ पडण्याचा संभव आहे. कडी अजून पक्की आहे, पण मागच्या दाराचे बिजागर सैल झाले आहे.